दारात थांबू नका

ठकू: बाबा, टॉर्च बंद कर.

बाबा: तुझ्या तोंडावर नव्हता मारला. भिंतीवर मारला होता.

ठकू: भिंतीवरून उडी मारून माझ्या डोळ्यांत आला. डॉक्टर काय म्हणाले होते? अंधार हवा, शांतता हवी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. टॉर्चचं काही बोलले नाहीत, कारण त्यांना काय ठाऊक की या घरात वॉचमन ठेवलाय.

बाबा: ठेवलेला नाही. आपणहून आलाय. पगार नाही, रजा नाही.

ठकू: रिटायर होऊन किती दिवस झाले तुला? आणि ही खुर्ची. माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, स्वेटर चढवून बसलायस. बाहेर अजून मुलं खेळतायत.

बाबा: नंतर गार पडतं. मग उठून शोधाशोध करायची, कपाटाची दारं वाजवायची, म्हणजे तू जागी. तू झोप बघू. आधी कशी पडल्या पडल्या झोपायचीस. बूट काढायचे राहून जायचे.

ठकू: तेव्हा पहिली बस माझी असायची. उजाडायच्या आत स्टिअरिंगवर. संध्याकाळी उशी दिसली की खेळ खलास. आता दिवसभर नुसती पेंग येते, जेवताना घास हातात राहतो. आणि आडवी झाले की डोळे टक्क उघडे. दुपारनंतर चहा बंद केला. दिवसा जास्त पडायचं नाही, तेही पाळते. उठायची वेळ चुकवत नाही. सगळं करते मी, बाबा. आणि जरा कुठे डोळा लागतो, तेवढ्यात तू.

बाबा: मी काय केलं?

ठकू: "ठकू, मी कोण?"

बाबा: हळूच विचारतो.

ठकू: हळूच विचारलं तरी उत्तर द्यायला माणसाला जागं व्हावं लागतं.

बाबा: डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, आज हिला मधूनमधून उठवा, काहीतरी विचारा, नीट बोलते का बघा.

ठकू: आज म्हणजे त्या दिवशी. डेपोत इंजिनाचं झाकण माझ्या डोक्यावर आपटलं, त्या दिवशी. त्याला महिना होऊन गेला. दुसऱ्याच दिवशी म्हणाले ना, आता खुशाल झोपा, झोप हेच औषध.

बाबा: ते तुला म्हणाले. मला कुणी येऊन सांगितलं नाही.

ठकू: मी सांगितलं की.

बाबा: तू पेशंट. पेशंटच्या सांगण्यावरून ड्यूटी उतरत नसते. आमच्या कामात बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहतो, "मी आलो, तू जा" म्हणतो, तेव्हा जागा सोडायची. तो आला नाही तर बसून राहायचं. एकदा वादळात आलाच नाही. मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत तिथेच.

ठकू: पलंगांच्या दुकानात.

बाबा: शोरूम म्हण.

ठकू: शोरूममध्ये. चहूकडे पलंग, गाद्या, इस्त्रीच्या चादरी, गुबगुबीत उशा. आणि मधोमध तू, स्टुलावर. सगळी नोकरी गेली, एकदा पाठ टेकली नाहीस.

बाबा: एकदा बसलो होतो. काठावर. उठल्यावर चादर सारखी केली.

ठकू: हसवू नको, डोकं ठणकतं. मी लहान असताना तुला विचारायचे, त्या पलंगांवर कोण झोपतं? तू काय सांगायचास?

बाबा: सांगायचो, ती माणसं अजून यायची आहेत.

ठकू: मला खरं वाटायचं.

बाबा: मलाही वाटायचं. फेरी मारताना पाय आपोआप हळू पडायचे. रस्त्यावरचा दिवा काचेतून आत यायचा आणि उशांवर असा पडायचा, की वाटायचं, आत्ताच कुणीतरी कूस बदलली. मग मी माझ्या मनानेच माणसं ठेवून दिली. एका मोठ्या पलंगावर म्हातारा-म्हातारी. कोपऱ्यात एक शिंपी, डोळे दुखेपर्यंत शिवून आलेला. खिडकीजवळ एक मुलगी, बूट न काढता झोपलेली.

ठकू: ती मी.

बाबा: कोण, ते विचारलं नाही कधी. तिथे कुणाला उठवत नव्हतो मी.

ठकू: मग मलाच का उठवतोस?

बाबा: झोप आता.

ठकू: बाबा, सांग.

बाबा: काय सांगू. त्या पहिल्या रात्री तुला हलवलं. विचारलं, मी कोण? तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट बघितलंस, आणि म्हणालीस, "काका, दारात थांबू नका. आत सरका."

ठकू: मी?

बाबा: रागावून नाही. अगदी व्यवस्थित, परक्या माणसाला सांगतात तसं. मी म्हटलं, अगं, मी बाबा. तर म्हणालीस, "हो, पण दार लागायचंय." आणि पुन्हा झोपलीस.

ठकू: अर्धवट झोपेत होते रे. दिवसातून शंभरदा म्हणते मी ते. दारात लोंबकळायची हौस असते लोकांना.

बाबा: ठाऊक आहे. सकाळी तू "बाबा, पाणी दे" म्हणालीस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण तोवर मी तुझा कुणीच नव्हतो, ठकू. मी माझ्याच घरात दारात उभा होतो आणि तू मला ओळखत नव्हतीस. आता तुझे डोळे मिटले की वाटतं, उघडतील तेव्हा कोण म्हणून बघेल ही माझ्याकडे? भीती वाटते. दुसरं काही नाही.

ठकू: हे आधी का नाही बोललास?

बाबा: तुला आणखी एक काळजी कशाला.

ठकू: मला भीती वाटत नाही असं समजू नको. या आठवड्यात तपासणी आहे. झोप रुळावर आली नसेल तर बस हातात देणार नाहीत. चौकशीच्या खिडकीत बसवतील. लोक विचारणार, ही कुठे जाते, मी काचेमागून सांगणार, आणि माझी बस दुसरंच कुणी घेऊन जाणार. मला झोप हवी आहे, बाबा. नुसती झोप. आणि ती यायच्या वाटेवर तू खुर्ची टाकून बसलायस.

बाबा: मग मी काय करू?

ठकू: मी आले, तू जा.

बाबा: असं नाही होत. तूच झोपणार. झोपणाऱ्याने चार्ज घ्यायचा नसतो.

ठकू: धन्य आहे तुझी. बरं, बस तिथेच. पण उठवायचं नाही. काही झालं तरी.

बाबा: बघतो.

ठकू: बघतो नाही. नाही उठवणार म्हण.

बाबा: नाही उठवणार. मिट डोळे. डॉक्टर ते काय म्हणाले होते, ओळखीचा रस्ता डोळ्यांपुढे आणायचा आणि सावकाश चालत राहायचं?

ठकू: माझं चालण्यात मन नाही लागत. मी चालवते.

बाबा: मग चालव. मी ऐकतो.

ठकू: डेपो. आरसे बघितले. फाटकातल्या माणसाने हात केला. निघाले. पहिल्या वळणावर बेकरी. शटर अर्धं वर आहे, खालून उजेड रस्त्यावर आलाय. मग शाळा. इतक्या सकाळी तिथे कुणी नसतं, तरी मी थांबते. दार उघडते, लावते.

बाबा: कुणी नसताना?

ठकू: वारा चढतो. मागच्या सीटवर जाऊन बसतो. तिकीट नाही त्याला.

बाबा: असू दे. पुढे?

ठकू: पूल. पुलावर धुकं आहे. खाली नदी आहे की नाही, कळत नाही. इंजिनाचा आवाज कमी झालाय. आपोआप चाललीय. आणि उतरलं की... तुझं शोरूम.

बाबा: ते या रस्त्यावर नाही, ठकू. ते तिकडे, गोदामांच्या...

ठकू: आज इथे आहे. पुढची काच उघडीय. बस आत नेली तर चालेल?

बाबा: ने. हळू ने, फरशी नुकतीच पुसलीय.

ठकू: हळूच. दोन्ही बाजूंना पलंग. सगळे भरलेत, बाबा. आली ती माणसं.

बाबा: आली? म्हातारा-म्हातारी आहेत का?

ठकू: आहेत. म्हाताऱ्याने पांघरूण सगळं स्वतःकडे ओढलंय.

बाबा: तुझी आईसुद्धा हीच तक्रार करायची. आणि शिंपी?

ठकू: झोपलाय. बोटावर शिवणाचं टोपण आहे अजून.

बाबा: खिडकीजवळ?

ठकू: खिडकीजवळचा... रिकामा आहे. चादर सारखी केलीय कुणीतरी.

बाबा: मीच केली असेल. तुझ्यासाठी ठेवलाय तो.

ठकू: बूट...

बाबा: राहू देत बूट.

(बाहेरची मुलं केव्हाच घरी गेली आहेत. खोलीतून संथ श्वास ऐकू येतो. बऱ्याच वेळाने खुर्ची करकरते.)

बाबा: ठकू. ठकू, मी को...

ठकू: काका...

बाबा: हं?

ठकू: काका, दारात थांबू नका. दार लागायचंय.

बाबा: हो, बाई. झालो बाजूला. न्या तुम्ही बस.