मागनं उसवलेले झगे

...आन वर मलाच इचारत्यात, "हवालदार, घर असताना गोठ्यात का हो झोपताय?" आता काय सांगू! बसा, सांगतो... लाज वाटती, खरं सांगतो. वीस वर्सं पलटणीत काढून कुंडलला आलो, आन घर बघतोय तर काय, गोडाऊन! पाळण्याची मोडकी चिमणी हाय, फुटकी पाटी हाय, एकाच पायातला वाळा हाय... म्हनलं, "अंबू, हे कशाला?" तर आमची अंबूबाई, "आवं, आपल्या इजूचं हाय ते!" इजू म्हंजी एकुलती एक लेक, विजयमाला. ती आलीया पयल्या बाळंतपणाला. तिच्या बाजंला आतल्या खोलीत जागा नगं? मग दिली ऑर्डर. पलटणीत किट तपासताना देत्यात तीच. जे लागत न्हाई, ते भाईर!

पाटी गेली. चिमणी गेली. वाळा अंबूनं गुमान कनवटीला लावला, म्या बघून न बघितल्यागत केलं. राह्यली काळी पेटी. माझीच जुनी, वर पांढऱ्या रंगात माझा नंबर. उघडली तर आत झगे! आवं, म्याच आणल्याले! अंबाल्याचा गुलाबी, जबलपूरचा फुलाफुलांचा, पठाणकोटचा जाळीचा... नऊ! दर रजेला एक. दुकानात शिरायचं, हात असा धरायचा, "लडकी एवढी!" दुकानदार इचारायचा, "उमर कितनी?" उमर कशाला पायजे रं? डोळ्याम्होरं उभी हाय की लेक. एवढी!

जीव लय गलबलला. पण ऑर्डर म्हंजी ऑर्डर, जे लागत न्हाई, ते भाईर! दारात चंद्राबाई आलीच हुती, जुन्या कापडावर भांडी देणारी. तिनं एक झगा उलगडला, म्होरनं बघितला, मागनं बघितला... "आवं हवालदार, म्होरनं कोरा आन मागनं वरपासनं खालपतोर उसवल्याला! असल्यावर मी चमचाबी देत न्हाई!" दुसरा उसवल्याला. तिसरा उसवल्याला. नऊच्या नऊ! म्या तापलो, "अंबाल्यापासनं जबलपूरपतोर समदे दुकानदार चोर!"

तर अंबू खाली मान घालून, "त्यास्नी कशाला चोर म्हणताय? म्याच उसवलं."

"का?"

"बसत न्हवतं, म्हणून."

आता ऐका. रजा संपवून जाताना लेक जेवढी बघितल्याली, तेवढीच म्या डोळ्यात धरून बसायचो. मधी कवा लडाई लागायची, कवा रजा रद्द, दोन-दोन वर्सं निघून जायची... आन पोर थांबती व्हय? पाच वर्साचा झगा सात वर्साच्या पोरीला! मग अंबू मागनं उसवायची, पोरीच्या अंगात घालायची आन पाठीवर पंचा टाकायची. आन माझी लेक दिसभर भिंतीला पाठ लावून बसायची. पाण्याचा तांब्या द्यायची, उलट्या पावलानं मागं सरायची. आन म्या? म्या पारावर सांगायचो, "बघा रं वळण! माझी इजू बापाला कवा पाठ दावत न्हाई!"

आवं, लय लाज वाटली. पलटणीत सायबाम्होरं पेशी झाली, तवाबी एवढी न्हवती वाटली. जे लागत न्हाई ते भाईर म्हणणारा म्या शाणा, आन जे बसत न्हाई ते नऊ येळा घरात आणलं! म्हनलं, "इजे, एकदा तरी सांगायचं गं!" ती पोटाला हात लावून हसाय लागली, आन हसता हसता डोळं पुसत म्हणती कशी, "आबा, सांगितलं असतं तर तुमी आणायचं बंद केलं असतं."

म्हनलं, "चंद्राबाई, निघ." ती म्हणती, "बरं, चमचा देते की!" "तुझा चमचा तुझ्यापाशीच ठेव!" पेटी उचलून परत आत ठिवली. तर आता खोलीत लेकीची बाज, अंबूचं हातरूण, पेटी, आन माझी खाट... कसं मावायचं? अंबू कमरंवर हात ठिऊन, अगदी माझ्याच आवाजात, "हवालदार! जे लागत न्हाई, ते...?"

"भाईर," म्हनलं, आन उचलली वळकटी.

तवापासनं गोठ्यात निजतोय. शेजारी म्हस हाय. तिला मातर कायबी वळण न्हाई, माझ्याकडं पाठ करूनच बसती.