पाचव्या उच्छ्वासापलीकडे

धाकटी : म्हणजे माझा फोटो छापून आला, ते तुला खुपलं?

थोरली : खुपणारच. बारा वर्षं दप्तरखान्यात धूळ खाल्ली मी. जुन्या शहराखालून पाण्याचा बोगदा जातो, हवेसाठी त्याला सात उच्छ्वास ठेवलेत, हे कागदांतून मी काढलं. तू दोर बांधून उतरलीस आणि बातमी काय, तर ‘बोगदा शोधणारी’.

धाकटी : वार्ताहराला तुझं नाव सांगितलं होतं मी. त्यानं गाळलं.

थोरली : कितीदा सांगितलंस?

धाकटी : एकदा. पण ताई, कमरेएवढ्या गाळातून मी गेले. तिथला चुन्याचा गिलावा हाताला कसा लागतो, ते कागदात नसतं गं.

थोरली : तेच तर. माझे गुडघे मला घरचा जिना धड उतरू देत नाहीत. तू येऊन सांगायचीस, मी ‘अगं वा’ म्हणायचे आणि आतून जळायचे. उद्या उतरताय ना?

धाकटी : सकाळी सातला. पाचव्या उच्छ्वासाच्या पुढे. तिथे अजून कुणी गेलेलं नाही.

थोरली : गेलेत. पाच गवंडी. गाळ काढताना वरचं छत बसलं. दोघंच परत आले. मग भिंत घालून तोंड बुजवलं. त्या वेळच्या कारभाऱ्याचं पत्र आहे.

धाकटी : भिंत? मला तर नुसता दगडांचा ढीग दिसला. उद्या तोच उपसणार होतो आम्ही. पत्र कधी मिळालं तुला?

थोरली : तुझा फोटो आला, त्याच दिवशी.

धाकटी : महिना झाला त्याला.

थोरली : कपाटात ठेवलं, कपड्यांच्या घड्यांखाली. वाटलं, तू तिथे अडशील, हात हलवत येशील, मग मी पत्र काढीन आणि सगळे माझ्याकडे बघतील.

धाकटी : आणि अडले नसते तर?

थोरली : ते मनात आलं नाही, असं नाही म्हणणार. आलं होतं. मी बाजूला सारलं.

(धाकटी उठून उभी राहते.)

धाकटी : मला आत्ता तुझ्याजवळ बसवत नाहीये.

थोरली : जा. पण पत्र घेऊन जा.

धाकटी : जुनं अक्षर मला कुठे लागतं? त्या तिघांची नावं आहेत त्यात?

थोरली : आहेत.

धाकटी : मग तिथून वाच. सावकाश.