भरली टोपली

दीपिकाला बॉक्सिंग सोडून एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स, खेळायचं होतं. तिच्या फॉर्मवर आईच्या सहीची जागा आठ दिवस कोरीच होती. तो फॉर्म पिशवीत घेऊन तिची आई धुरपताबाई अहेरीच्या बसस्टँडवर बसली होती. शेजारी दोन पोरी बसल्या होत्या, बॅगांना ग्लोव्ज लटकवलेले.

"बॉक्सिंगच कठीण आहे, दिव्यानी. नुसते दोन हात. तुमच्याइथी लाथ, पकड, सारंच चालते."

"सारं चालते म्हनूनच कठीण, रंजीता. लाथ अडवली का पाय धरून आपटते."

धुरपताबाई त्यांच्याकडं सरकून ऐकू लागली.

"आमाले पडलं का दहा मोजाच्या आत उठा लागते. डोकं गरगरलं तरी."

"आमचं तसं नाई. गळा आवळला, हात पिरगाळला, जमत नाई वाटलं, का हातानं थाप माराची. खेळ खतम."

"मंग सोपंच आहे."

"सोपं कुठी? अर्ध्या पोरी अकडीपायी थापच मारत नाई. हात मोडून घेते."

धुरपताबाईला राहवलं नाही. "पोरी, थाप मारली का सोडतेच ना?"

"सोडाच लागते, बाई. पंच तिथीच उभा राह्यते."

धुरपताबाईनं लगेच लेकीला फोन लावला.

"दीपे, चैतात मोहा वेचताना अस्वल आलं, अन् तू भरली टोपली टाकून मागं सरली, आठवते?"

"हो माय. त्या टोपलीपायी तू मले किती बोलली होती!"

"चुकलंच माहं. कवा सोडाचं ते तुले कळते," धुरपताबाई म्हणाली, आणि तिनं शेजारच्या पोरीकडं पेनासाठी हात पुढं केला.