हौसाक्का तिथंच बसल्या होत्या

जमलेल्या आयाबायांनो, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनो,

काल हौसाक्कांचा दहावा झाला. आज आपण सगळे मारुतीच्या पारावर त्यांच्यासाठी जमलो. मला बोलायची सवय नाही. महिला बचत गटाचं दफ्तर लिहायचं काम माझं, बोलायचं काम दुसऱ्यांचं. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहून आणलंय. वाचता वाचता मधेच थांबले तर सांभाळून घ्या.

हौसाक्कांना तुम्ही सगळे ओळखता. देवीच्या दारात विकायला जातात त्या कवड्यांच्या माळा त्या ओवायच्या. आपल्या गल्लीतल्या निम्म्या घरांत देवीच्या परडीजवळ त्यांच्याच हातची माळ आहे. लेकीच्या, रंजीच्या वेळच्या बाळंतपणात ताप डोक्यात गेला आणि त्यांचे कान गेले. ती रंजी आज लेकुरवाळी होऊन सोलापुराहून आलीय, ही समोर बसलीय.

ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलायच्या मात्र लई मोठ्यानं. एकदा मला कानात म्हणून सांगितलं, "सुमन, तुझ्या सासूनं आज पुन्हा भाजीत मीठ टाकलं न्हाय बघ." पलीकडच्या गल्लीतून सासूबाईंनी उत्तर दिलं. तुम्ही हसताय. हसा. अक्का असत्या तर आपण हसताना बघून त्याही हसल्या असत्या, कशाला हसतोय ते न कळता.

त्यांना हाक कशी मारायची, हे या गल्लीत शिकवावं लागत नव्हतं. उठायचं, जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा. पाच वर्षांची पोरं तसं करायची. गटाच्या बैठकीत मी हजेरी घेते तेव्हा नाव पुकारत नाही. मान वर करते, तोंड बघते आणि लिहिते. अक्कांमुळं ती सवय लागली.

त्यांची एकच इच्छा होती. पहाटे देवळातला चौघडा वाजतो, तो त्यांना पुन्हा ऐकायचा होता. तरणेपणी त्यावर त्यांची जाग व्हायची. कानाचं मशीन सरकारकडून मिळतं असं कळलं. पण त्याला आधी अपंगाचा दाखला लागतो. अर्ज मीच लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं, अर्जदारास दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.

ज्या ऑफिसात तो द्यायचा, त्याचं नाव मी इथं घेत नाही. तिथं भिंतीवर मोठी पाटी आहे. इथं प्रत्येकाला समान सेवा मिळेल, कुणाशीही भेदभाव होणार नाही. अर्ज द्यायला गेलो तेव्हा मी ती पाटी अक्कांना बोट ठेवून, ओठ हलवून वाचून दाखवली. त्यांनी पाटीला हात जोडले. देवीला जोडतात तसे. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

तिथं टेबलावर आपल्याच गल्लीतले एक भाऊजी बसतात. त्यांचंही नाव घेत नाही. अक्कांच्या घरच्या पुरणपोळ्या त्यांनी खाल्ल्यात. ते मला म्हणाले, "वहिनी, मी हाय ना तिथं. बिनघोर पाठवा." मी बिनघोर झाले.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलायचा हक्क नाही. निघताना मी अक्कांना बजावलं, ऑफिसात मोठ्यानं बोलू नका, सारखं उठून विचारायला जाऊ नका, साहेब लोक रागावतात. गप बसा, बोलावतील. मला वाटायचं, सरकारी ठिकाणी नीट वागलं की आपलं काम नीट होतं. दहावी शिकलेली बाई मी, त्या माझा शब्द प्रमाण मानायच्या.

पहिल्या तपासणीच्या दिवशी मी बरोबर गेले. दारावरच्या माणसानं सांगितलं, अर्जदार सोडून बाकीचे बाहेर. मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही हो. तो म्हणाला, सगळ्यांना एकच नियम. मी फाटकाबाहेर थांबले. अक्का आत पुढच्या बाकावर बसल्या. पिशवीत कवड्या होत्याच. संध्याकाळी बाहेर आल्या तेव्हा हातात पुरी ओवलेली माळ होती. म्हणाल्या, "आज न्हाय बोलावलं."

मी त्यांनाच रागावले. खाली मान घालून ओवत बसलात, मग कुणी बोलावलेलं कसं कळणार? नशिबानं पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी घटस्थापना होती. माझ्या घरी घट बसायचे होते, म्हणून मी गेले नाही. अक्कांसाठी ते दिवस माळांच्या धंद्याचे. तरी त्या गेल्या. आणि या वेळी कवड्या घरी ठेवून गेल्या. हात रिकामे, मान वर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांकडं बघत दिवसभर बसल्या. पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. आणि पुकारणारा, हे मला मागून कळलं, नावं पुकारत होता आतल्या खोलीतून, पडद्याआडून.

मग घरी कागद आला. तीन वेळा पुकारूनही अर्जदार गैरहजर. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

तो मी अक्कांना तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा माझे ओठ बघून त्या हळू म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज इतका बारीक ऐकला.

"मी हुते की गं तिथं."

मी ऑफिसात गेले. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "पुकारलं होतं, वहिनी. नियमापरमाणं तीनदा."

मी म्हटलं, "त्यांचा अर्ज कशासाठी होता, भाऊजी?"

त्यांनी फाईल उघडली. पहिली ओळ वाचली. माझंच अक्षर होतं ते. फाईल मिटली. मग म्हणाले, "एकीसाठी उठून गेलो तर उद्या सगळेच म्हणतील. सगळ्यांना सारखंच वागवावं लागतं."

त्यांच्या टेबलापासून त्या बाकापर्यंत चार पावलं आहेत. मी चालून बघितली.

आयाबायांनो, आरतीनंतर आपण प्रसाद वाटतो. ज्या म्हातारीला उठवत नाही, तिच्यापुढं जाऊन, वाकून तिच्या हातावर ठेवतो. तेव्हा बाकीच्यांवर अन्याय होतो का? की लांबूनच प्रसाद झाला, प्रसाद झाला असं ओरडायचं आणि जी आली नाही तिला नको होता असं लिहून टाकायचं? सारखं वागवणं याला म्हणतात का?

मी परक्या माणसाकडून हे सोसलं असतं. पण ज्यांना अक्कांचा खांदा माहीत होता, लहानपणी ज्यांनी त्यांना तशीच हाक मारलेली होती, ते खुर्चीत बसले आणि विसरले. आणि त्या हॉलमध्ये आपल्याच गावची माणसं होती. कुणीतरी अक्कांना ओळखलं असेलच. कुणाचाच हात उठला नाही.

मी म्हटलं, अक्का, नवा अर्ज करू, या वेळी मी भांडून आत बसते. त्या म्हणाल्या, "नगं सुमन. तिथं म्या कुणाला दिसतच न्हाय." दिवाळी झाली, आणि एका दुपारी माळ ओवता ओवता त्या भिंतीला टेकल्या, त्या तशाच गेल्या.

त्यांना कुणी मारलं असं मी म्हणत नाही. आयुष्याची दोरी देवीच्या हातात. चौघडा ऐकू आला असता की नाही, तेही तिलाच ठाऊक. पण सरकारच्या कागदावर त्या गैरहजर म्हणून गेल्या. तेवढं माझ्या घशाखाली उतरत नाही.

फोटोला घातलेली ही माळ बघा. त्या पहिल्या दिवशी त्या बाकावर बसून ओवलेली आहे ही. दुसरी खूण माझ्याकडं नाही. त्या तिथंच बसल्या होत्या. रंजे, तू हे तुझ्या लेकरांना सांग. मी या गल्लीला सांगते.

आता आपण दोन मिनिटं शांत बसू. कान गेल्यापासून त्या ज्या शांततेत राहिल्या, तिच्यात आपण थोडा वेळ जाऊन बसू. दोन मिनिटं झाली हे मी बोलून सांगणार नाही. मी उठून रंजीच्या खांद्यावर हात ठेवीन. तिनं शेजारणीच्या खांद्यावर ठेवायचा. तिनं पुढं. असं मागं मागं जाऊ द्या. देवळाच्या दाराजवळ जे एकटेच बसलेत, त्यांच्यापर्यंत जाऊ द्या. चार पावलं उठून जावं लागलं तरी जा.

कुणालाही सोडू नका.

हौसाक्का, पाया पडते. आता कुणाच्या ओठांकडं बघत बसायला नको. मिटा डोळे.