गणपाची टेप, बाबालालचं सिमेंट

सिमेंट म्हटलं की तुम्हाला स्लॅब आठवतो, मला बाबालाल आठवतो. कोल्हापुरात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. आमच्या तालमीतल्या गणपानं बाबालालला चीत केलं, ती कुस्ती मी माझ्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं घेतली होती. आणि फिल्म तुटली ती नेमकी बाबालालची पाठ मातीला लागते तिथं!

फिल्म जोडायच्या डिंकालाही सिमेंटच म्हणतात. त्यानं जोड पक्का बसतो, पण टोकाची एकदोन चित्रं खरवडून जातात. चिकटटेपनं एकही जात नाही, पण ती कधीकधी प्रोजेक्टरात अडकते.

दोघं जिगरी दोस्त. मिळूनच माझ्याकडं आले.

“टेप लाव,” गणपा म्हणाला. “एक चित्र जाता कामा न्हाय.”

“सिमेंट लाव की!” बाबालाल म्हणाला. “काम कसं पक्कं पायजे.”

“तुला पक्कं कशाला पायजे ते कळतंय मला, लेका!”

जिंकलेल्याचा मान म्हणून मी टेप लावली. रविवारी सगळी तालीम पडद्यासमोर बसली. गणपानं ढाक मारली, बाबालाल आडवा झाला, आणि टेप अडकून चित्र तिथंच थांबलं. खाली बाबालाल उताणा, वर गणपा. शिट्ट्यांवर शिट्ट्या! तेवढ्यात दिव्याच्या उष्णतेनं फिल्म करपायला लागली, ती गणपाच्या तोंडापासनं.

गणपा नुसता बघत बसला. ओरडत उठला तो बाबालाल, “बंद कर की मर्दा! आमचा गणपा जळाय लागलाय!”

दुसऱ्या दिवशी गणपा एकटाच आला.

“करपलेलं काप,” म्हणाला, “आणि सिमेंट लाव. बाबालाल पडल्याला न्हाय दिसला तरी चालतंय.”