दसऱ्याचा फोटो

लातूरच्या स्टँडवर उभ्या एसटीत सगळे पेंगत होते. पुनमच्या हातातून डब्याचं झाकण खणकन पडलं आणि मांडीवरची सृष्टी जागी झाली. मागच्या सीटवरचे दोघंही.

"साहेब, चोराला काय बोलायचं? आपणच हळदीकुंकू लावून आवतन दिलं!"

"मलप्पा, हळू बोल."

"का हळू? दसऱ्याला विजेच्या सबस्टेशनात कंप्युटरची पूजा केली. झेंडू वाहिला. अन् स्क्रीनला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी तशीच! अन् चिठ्ठीसकट फोटो स्टेटसला!"

"कंप्युटर इंटरनेटला जोडू नका म्हणून मी किती बोंबललो!"

"कुटंतरी बसून कुणीतरी त्याच पासवर्डनं आत शिरलं. चाळीस गावं अंधारात. दवाखान्यातली मशिनं बंद पडली. तिथली लेकरं कुणाच्या भरवशावर होती?"

"ऑपरेटर दयानंदला आज घरी बसवतोच. फोटो त्यानंच काढला असंल."

नवऱ्याचं नाव ऐकून पुनमनं सृष्टीला छातीशी धरलं.

"कसा काढंल? त्या फोटोत तोच हात जोडून उभा हाय."

"मग काढला कुणी? त्यालाबी सोडणार न्हाई मी!"

सृष्टीनं मान वर केली.

"आई, बाबाचा तो फोटो तूच काढला होतास ना?"