चोराची दुसरी विद्या

आत्या : काय म्हणालास? परत म्हण. माझ्या कानात अजून पार्लरमधला ड्रायर घुमतोय बहुतेक.

बाबा : राखेच्या राणीशी करार.

आत्या : अरे दादा! डोकं ठिकाणावर आहे का? जिनं माझी ढाल वितळवली, तिच्याशी?

मुलगी : थांब गं आत्या, त्यांना कळलं नाहीये. बाबा, पुन्हा सांगते. या फाशांच्या खेळातला तुमचा चोर आता वरच्या लेव्हलला आलाय. म्हणजे त्याला मल्टीक्लास करता येतं, जोडीला दुसरी विद्या घेता येते. चोर तो चोरच राहणार, वर जादूची जोड. ती जादू तीन वाटांनी येते. पुस्तकं वाचून शिकायची, नाहीतर ती जन्मापासून रक्तातच असते आणि एक दिवस आपोआप उसळते. आणि तिसरी वाट, कुणातरी मोठ्या शक्तीशी करार करून उसनी घ्यायची.

बाबा : कळलं की. तिसरी.

मुलगी : खेळाची गोष्ट मी रचते, आणि तिसऱ्या वाटेवर मी तुमच्यासाठी वनदेव ठेवलाय! किती गोड म्हातारा आहे. दाढीत पाखरं राहतात त्याच्या.

आत्या : घे ना तो वनदेव. दाढी मी नीट करून देईन.

बाबा : मला राणी पाहिजे.

मुलगी : अहो, ती खलनायिका आहे! वर्षभर आपण तिच्या मागावर आहोत. पुढच्या रविवारी तिचा महाल, शेवटची लढाई, संपला खेळ. तुम्ही तिच्याशी करार केलात तर आत्याच्या कुऱ्हाडीसमोर तुम्ही उभे!

आत्या : आणि मी भाऊबिऊ बघणार नाही. फासे पडले की पडले.

बाबा : नियमात बसतं का?

मुलगी : बसतं. पण असं कुणी करत नाही.

बाबा : मग लिही.

मुलगी : असं कसं लिही? कारण सांगा. आपल्या टेबलाचा नियम आहे, नवीन काही घेतलं की ते का घेतलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आत्यानं पण सांगितलं होतं.

आत्या : मी म्हटलं, मला कुऱ्हाड पाहिजे, कारण मला कुऱ्हाड पाहिजे. ते चाललं होतं.

बाबा : सांगू?

मुलगी : सांगाच.

बाबा : आपण पहिल्यांदा तिच्या महालात शिरलो ते आठवतं? दाराचं कुलूप मी काढलं.

आत्या : आणि काढण्याआधी तासभर भाषण दिलंस. असं कुलूप जगात असूच शकत नाही, लिव्हर उलट्या बाजूला आहेत, अन् काय काय. खऱ्या कुलूपवाल्याला खेळात चोर करू नये, मी तेव्हाच म्हटलं होतं.

बाबा : दार उघडलं. समोर राणी. डोळ्यांत निखारे, केसांतून धूर. तिच्या तोंडून तू पहिलं वाक्य काय बोललीस?

मुलगी : आता ते कुठलं लक्षात राहायला.

बाबा : आहे तुझ्या लक्षात.

मुलगी : ‘पाय पुसून आत या.’

बाबा : कुठली राक्षसीण चोरांना पाय पुसायला सांगते?

मुलगी : ती गंमत होती! महालभर राख आणि हिला स्वच्छतेचं वेड, म्हणून.

बाबा : ढाल वितळवली तेव्हा म्हणाली, ‘वापरायची अक्कल नाही तर वस्तू घ्यायच्या कशाला?’ मला वीज मारली. मी पडलो. तर म्हणते, ‘लागलं का? दाखव बघू.’ आणि हसते कशी? आधी नाकातून, मग तोंडानं.

मुलगी : बाबा.

बाबा : ती तुझी आई आहे, बाळा.

(एक फासा टेबलावरून घरंगळत खाली पडतो.)

मुलगी : काहीतरीच.

आत्या : काहीतरीच नाही.

मुलगी : आत्या, तूसुद्धा?

आत्या : मला तर पहिल्याच दिवशी कळलं. ते पाय पुसायचं ऐकलं नि मी खरोखरच चपला काढायला वाकले! मला वाटलं, तू मुद्दामच केलंयस. म्हणून तर एवढी जीव तोडून हाणत होते. वहिनीवरचा इतक्या वर्षांचा राग, आणि हातात कुऱ्हाड. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

मुलगी : मुद्दाम नाही केलं! शप्पथ. जिची भीती वाटेल अशी एक बाई पाहिजे होती मला, बस. तोंडाला येईल ते बोलत गेले. म्हणजे वर्षभर, दर रविवारी, मी इथे बसून आईचा आवाज काढतेय? आणि तुम्ही दोघं ऐकताय?

आत्या : शेंगदाणे खात.

मुलगी : शी! मला सांगितलं का नाही कुणी?

बाबा : मला ऐकायला आवडत होतं.

मुलगी : आवडत होतं? ती घर सोडून गेलीय, बाबा! मी कॉलेजातून आले तर कपाट रिकामं. हँगर तेवढे हलत होते. आणि तुम्हाला तिचा आवाज ऐकायला आवडतो?

बाबा : राग आहे. आवडतंही. दोन्ही एकाच घरात राहतात, काय करू?

आत्या : कुलूपवाल्यानं स्वतःच्या दाराचं कुलूप बदललं नाही, तिच्याकडे किल्ली असताना. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी.

बाबा : ती माझ्याशी भांडून गेली. तुझ्याशी नाही. हे तिनं जाताना तुला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चुकलंच तिचं. आता सांगायला फोन करते, तर तू घेत नाहीस.

मुलगी : कधी करते? मला तर कधी वाजलेला आठवत नाही.

बाबा : रविवारी संध्याकाळी. बाकीचे दिवस तिची दुपारपाळी असते, मेसेज करून कळवलं तिनं मला.

मुलगी : रविवारी संध्याकाळी तर आपला खेळ असतो.

बाबा : हो.

मुलगी : आणि खेळात फोन बंद. तो नियमच आहे.

बाबा : कुणी केला नियम?

मुलगी : मी, पण... नाही, थांबा. रविवार सगळ्यांच्या सोयीनं ठरला होता.

आत्या : माझ्या सोयीनं? अगं, रविवारी संध्याकाळी माझ्या दारात रांग असते! अर्ध्या डोक्याला मेंदी लावलेलं गिऱ्हाईक सोडून येते मी. मी सोमवार सोमवार म्हणून घसा कोरडा केला. तू म्हणालीस, रविवार नाहीतर खेळच नको.

मुलगी : असं म्हणाले मी?

आत्या : पाय आपटून.

मुलगी : बाई गं. म्हणजे हे सगळं माझ्याच डोक्यात चाललंय, आणि मलाच पत्ता नाही? हात बघ आत्या, गार पडलेत.

आत्या : आण इकडे. चोळते.

बाबा : दाराबाहेर अडकलेले लोक मला बोलावतात ना, त्यातल्या कितीतरी जणांच्या खिशातच किल्ली असते. मी आपलं दार उघडतो आणि काही बोलत नाही.

आत्या : मग आज बरं तोंड उघडलंस.

बाबा : पुढच्या रविवारी राणी मेली असती. मग तो आवाज कायमचा बंद. म्हणून करार.

मुलगी : करार फुकट होत नाही. काय मागणार तिच्याकडे? आगीचा गोळा? अदृश्य व्हायचं?

बाबा : दूरच्या माणसाच्या कानात बोलायचा तो मंत्र. तेवढा एक.

मुलगी : तो सगळ्यात फालतू आहे, बाबा. एकच वाक्य जातं. समोरून एकच येतं.

बाबा : पुरे.

मुलगी : आणि बदल्यात काय देणार?

बाबा : हत्यारं. कुलपं काढायच्या सळया, हुक, सगळा बटवा.

आत्या : मग चोर कसला तू? दार कशानं उघडणार?

बाबा : वाजवून.

आत्या : बरं. मी काही कुऱ्हाड देणार नाही. खाली ठेवते. पण हाताशी.

मुलगी : करार बोलून करावा लागतो. तुम्ही चोर, मी राणी. आणि आता मला तो आवाज नाही काढता येणार. कळल्यावर कसा काढू?

बाबा : जमेल तसा काढ. टक टक.

मुलगी : बाबा, नको ना.

बाबा : टक टक. राणीसाहेब, मी चोर. आज हत्यारं तुमच्या उंबऱ्यावर ठेवलीत.

आत्या : बोल गं. माझाही जीव टांगणीला लागलाय.

मुलगी : आत्या, माझा फोन कुठाय?

आत्या : फाशांच्या डब्याखाली. तूच कोंबलास. देऊ?

मुलगी : नको, राहू दे तिथेच. फक्त चालू कर. रविवार आहे.

बाबा : टक टक.

मुलगी : पाय पुसून आत या.